सारोळ्याला नऊ, भोरला तीन

एकोणीस दिवसांच्या सुट्टीतून भोरच्या वाट्याला तीन दिवस आले होते, आणि हा आकडा सावळाराम धुमाळ सरांनी स्वतः तीनदा पडताळला होता. छत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेला माणूस दुसऱ्याच्या बेरजेवर विसंबत नाही. मांडणी अशी होती: लेक वैष्णवी आणि जावई प्रेम कॅनडाहून येणार. पहिले दोन दिवस पुण्यात नणंदेकडे झोप काढण्यात जाणार, एक जेजुरीला, चार 'एवढ्या लांबून आलात आणि आमच्याकडं पाणी प्यायला नाही आलात' म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे. उरले बारा. त्यातले नऊ सारोळ्याला, म्हणजे सासरी, आणि तीन भोरला, म्हणजे माहेरी. चार वर्षांनी येणाऱ्या एकुलत्या एका लेकीचे तीन दिवस. त्यातही पहिल्या दिवशी बॅगा उघडायच्या आणि तिसऱ्या दिवशी भरायच्या, म्हणजे निव्वळ शिल्लक एक.

आता सारोळ्याच्या नवातून पाच दिवस भोरकडे वळवता आले, तर तीनाचे आठ होत होते. लेकीला नुसतं 'राहा' म्हणून भागणार नव्हतं. लेक राहायला तयारच असते, पण तिला न्यायला माणूस येतो. जावई जिथं रमेल तिथं लेक राहील, असा सरांचा सिद्धांत होता. त्याची सिद्धता त्यांनी कधी तपासून पाहिली नाही, आणि पुढचं सगळं तिथून उद्भवलं.

सुरुवात व्हिडिओ कॉलवर झाली. कॉलवर तिन्ही घरं होती: कॅनडा, सारोळे आणि भोर. व्याही रामभाऊ सांगत होते, की प्रेमला पोहायला म्हणून त्यांनी विहिरीला नव्या पायऱ्या बांधून घेतल्यात. सरांच्या घरी विहीर नव्हती. गच्चीवर टाकी होती, पण तिचा उल्लेख करण्याची ही वेळ नव्हती. तेवढ्यात प्रेमने त्याच्या गावाजवळचं तळं दाखवलं. वसंतात बर्फ वितळलं, की तो तिथं पहाटे उभा राहून कोहो नावाचे सॅमन मासे धरतो.

"मामा, तुमच्याकडं एवढं मोठं भाटघर धरण आहे," प्रेम म्हणाला. "तिथं कुणी मासे धरतं का?"

"मी धरतो ना," सर म्हणाले.

सारोळ्याच्या चौकटीतला रामभाऊंचा चेहरा तेवढ्यापुरता हलायचा थांबला. ते नेटवर्कमुळे होतं की आश्चर्यामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. कॉल संपल्यावर मंगलताईंनी पोळी लाटता लाटता विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मासे."

"आत्तापासून," सर म्हणाले आणि पेपर वाचायला घेतला. मंगलताई माळकरी. त्या घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं. सरांना वर्षातून दोनदा अंडं खावंसं वाटायचं, तेव्हा ते शेजारच्या बंडूकडे 'पेपर तपासायला' जायचे. निवृत्त झाल्यावरही तपासत होते.

महिन्याभरात पुण्याहून प्रेमच्या मित्राने एक खोकं आणून दिलं. आत दोन पानांची सूचनावली आणि पत्र्याचे नऊ खोटे मासे होते. कुणी गुलाबी, कुणी हिरवा, कुणी नुसता रुपेरी चमचा. प्रत्येकाच्या शेपटीला तीन टोकांचा गळ. मंगलताईंनी एक हातात धरून उजेडात पाहिला आणि म्हणाल्या, "कानातलं चांगलं आहे. पण एकाचीही जोडी पाठवली नाही."

सूचनावलीत कोहोच्या सगळ्या सवयी होत्या. बर्फ वितळलं की तो उथळ पाण्यात येतो. ओढा तळ्याला मिळतो तिथं घुटमळतो. आभाळ भरलेलं असेल तर गुलाबी, लख्ख असेल तर रुपेरी. दोरा सावकाश ओढायचा आणि काठावर बोलायचं नाही, कारण माशाला ऐकू येतं. सरांनी पट्टी घेऊन याचा तक्ता आखला: उभ्या रकान्यात आभाळ, आडव्यात रंग. भाटघरमध्ये कोहो नाही आणि भोरमध्ये बर्फ फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर मिळतं, या दोन गोष्टी तक्त्यात बसत नव्हत्या. सरांनी त्या तळटीपेत घातल्या.

मग सल्ले आले. शेजारचा बंडू विम्याचा एजंट. त्याने बादलीपेक्षा खोल पाण्यात कधी हात घातला नव्हता, त्यामुळे त्याच्या मतांत कुठलीही शंका नसायची. "सर, मासा रंगावर जात नाही, वासावर जातो," तो म्हणाला. "ह्या पत्र्याला हिंग लावा. आणि जागा म्हणाल तर वेल्ह्याकडं वरच्या अंगाला जावा. आमच्या मेव्हण्यानं तिकडं एवढा मासा बघितला होता."

"धरला होता?"

"बघितला होता. धरायला तो काय रिकामा आहे?"

सर स्कूटर काढून धरणाच्या वरच्या टोकाला गेले, वेळवंडी नदी तळ्याला मिळते तिथं. सूचनावलीप्रमाणे तिथं मासा घुटमळत असायला हवा होता. नदी शिमग्याआधीच उन्हाळ्यातली झाली होती, म्हणजे दगडगोटे आणि मध्येच एखादं डबकं. डबक्यात एक म्हैस घुटमळत होती. सर माघारी फिरले आणि पाणी जिथं आत वळलेलं, शांत दिसत होतं, तिथं अगदी पाण्याच्या कडेला त्यांनी जागा पक्की केली. खूण म्हणून चिखलात एक बांबू रोवला आणि त्याला मंगलताईंच्या जुन्या लाल ब्लाऊजचं कापड बांधलं. घरी येऊन तक्त्यात 'जागा निश्चित' असं लिहिलं.

राहिला पास. धरणावरची मासेमारी एका संस्थेकडे होती आणि संस्थेचा सचिव सोनबा. हा सोनबा शाळेत सरांच्या हातून गणितात दोनदा नापास झालेला. त्याने सरांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि अर्ज पुढे केला. अर्जात जाळ्याची लांबी, होडीचा क्रमांक आणि मासेमारीचा हेतू असे रकाने होते. हेतूला तीन पर्याय होते: उदरनिर्वाह, व्यापार, इतर. सरांनी 'इतर'वर खूण केली.

"इतर म्हंजी काय, सर? सविस्तर लिवाय लागतं."

सरांनी थोडा विचार करून लिहिलं: जावई.

सोनबाने ते मोठ्याने वाचलं आणि मान डोलावली, जणू असे अर्ज रोज येतात. मग त्याने खोट्या माशांपैकी एक हातात घेऊन शेपटीची टोकं मोजली. "एक गळ, एक पास, असा ठराव हाय, सर. ह्याला टोकं तीन. म्हंजी तीन पास."

"गळ एकच आहे. टोकं तीन आहेत."

"मासा कशात अडकतो, सर? गळात का टोकात?"

सरांनी चहा संपवला. सोनबाने कागदावर नऊ त्रिक सत्तावीस केले, उत्तर दोनदा तपासलं आणि सत्तावीस अर्ज मोजायला घेतले. त्याचं गणित आता पक्कं झालं होतं, आणि ते कुणामुळे झालं हे त्या खोलीत दोघांनाही ठाऊक होतं. सत्तावीस अर्जांना सत्तावीस फोटो लागणार होते. सर घरी गेले, पक्कड घेतली आणि प्रत्येक पत्र्याच्या माशाची दोन-दोन टोकं छाटून टाकली. मग एका टोकाचा एक मासा नेऊन सोनबाला दाखवला. एका वेळी एकच वापरायचा, या अटीवर एक पास मंजूर झाला. अध्यक्षांची सही व्हायला बावीस दिवस लागले, कारण अध्यक्ष एकापाठोपाठ एक लग्नांना जात होते.

हे बावीस दिवस सरांना नडले. चैत्र तोंडावर आला की धरणातून कालव्याला पाणी सुटतं आणि तळं रोज थोडं थोडं मागं सरकतं. मागं जी ओली जमीन उघडी पडते, तिच्यात काठावरची माणसं गाळपेर करतात. काकडी, कलिंगड, मूग, पाऊस येईपर्यंत जे निघेल ते. कुणाचा पट्टा कुठून कुठं, याचा कागद हवा तेव्हा हाताशी नसतो. तिथं काठी रोवतात आणि तिला फडकं बांधतात. काठी दिसली की बाकीचे समजून घेतात, की हा पट्टा धरला गेला.

पास मिळाला त्याच दिवशी दुपारी भाटघरच्या बाजूची सहा माणसं सरांच्या बैठकीत येऊन बसली. पुढे बनाबाई. वय साठीचं, पदर कमरेला खोचलेला, पायाला अजून गाळ.

"मास्तर, तुमाला पेन्शन हाय ना?" तिने विचारलं.

"आहे."

"वेळंवर मिळती?"

"मिळते. का?"

"मग माझ्या काकडीच्या पट्ट्यात काठी कशापायी रोवली? चौदा वरसं म्या तिथं गाळपेर करती. लाल फडकं बगून सगळ्यांनी हात आखडलं. एकानं मला सांगितलं, मास्तरांनी धरलाय पट्टा, वरून वळख आणलीया."

सरांनी मासे, जावई, कोहो आणि ओढ्याचं मुख हे सगळं क्रमाने समजावून सांगितलं. सहाही जणांनी शांतपणे ऐकून घेतलं. सगळं ऐकल्यावर त्यांचा संशय वाढलेला दिसला. एक शिकलेला माणूस माशासाठी जमिनीत काठी रोवतो, यापेक्षा तो जमिनीसाठी माशाचं नाव सांगतो हे पटायला सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर जाऊन ती काठी उपटली. पाणी तिथून दीडशे पावलं लांब गेलं होतं. काठी खोल बसली होती. पहिल्या ओढीला फक्त कापड हातात आलं आणि सर गाळात बसले. कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं वाटलं असतं. बनाबाईने त्यांना हात देऊन उठवलं, आणि पट्टा सुटल्याच्या समाधानात जाता जाता एक गोष्ट फुकट सांगून टाकली.

"मासाच पायजे ना? त्यो बगा, पाण्यात दगडी चौथरा दिसतोय. म्या तिथं भांडी घासती. खरकटं पडतं. घमेल्यानं मासा येतो तिथं. पाणी कितीबी हटलं तरी त्या चौथऱ्याला पाणी असतं."

सरांनी तक्त्यात दुरुस्ती केली: जागा बनाबाईचा चौथरा. पण ही दुरुस्ती त्यांनी प्रेमला कळवली नाही. त्याचं कारण पुढं येईल.

पाडवा झाला आणि मंडळी आली. पुणे, जेजुरी, नातेवाईक हे सगळं ठरल्या हिशोबाने उरकलं आणि आठव्या दिवशी वैष्णवी आणि प्रेम भोरला उतरले. वैष्णवी आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली, बाबांच्या पाया पडली, म्हणाली, "बाबा, बारीक झालात," आणि बॅगा उघडायला आत गेली. नवव्या दिवशी पहाटे चार वाजता, ती उठायच्या आत, सर आणि प्रेम स्कूटरवरून निघाले.

काठावर प्रेमने खोकं उघडलं आणि बराच वेळ पाहत राहिला. "मामा, यांची टोकं?"

"इकडं एका टोकानंच धरतात," सर म्हणाले.

प्रेमच्या चेहऱ्यावर आदर पसरला. "म्हणजे माशाला सुटायची संधी देता तुम्ही. आमच्याकडं पण जुने लोक असंच करतात." सरांनी नम्रपणे मान खाली घातली. ज्या पक्कडीने ही संस्कृती घडवली होती ती घरी खिळ्यांच्या डब्यात होती.

पहिल्या फेकीला रुपेरी चमचा बनाबाईच्या मोटारीच्या रबरी पाइपात अडकला. प्रेमने जोरात ओढलं, पाइपाला भोक पडलं आणि काकडीच्या तीन ओळींना विनाकारण पाणी मिळालं. दुसऱ्या फेकीला मागं नेलेल्या दोऱ्याने सरांच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि ती तळ्यात वीस फूट आत जाऊन उताणी पडली. प्रेमने सूचनावलीत सांगितल्याप्रमाणे ती सावकाश ओढून काठावर आणली. टोपीबरोबर काहीही आलं नव्हतं. त्या दिवशी दोघांनी मिळून तेवढंच धरलं.

दुसरा दिवसही कोरडा गेला. आभाळ लख्ख, म्हणून रुपेरी. रुपेरीला मासा नाही, म्हणून गुलाबी. गुलाबीला नाही, म्हणून हिरवा. दहाव्या दिवशी संध्याकाळी, ज्या दिवशी बॅगा भरायच्या होत्या, जेवताना प्रेम म्हणाला, "मामा, इथला मासा हुशार आहे. तिकडं तासाभरात लागतो. असा मी आजवर पाहिला नाही. एखादा धरल्याशिवाय जाणं बरोबर वाटत नाही. तुमची हरकत नसेल तर..."

सरांनी पोळीचा तुकडा सावकाश चावला. "आमची कसली हरकत? पण सारोळ्याला काय म्हणतील?"

"मी बोलतो बाबांशी."

मंगलताईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी आमटीकडे पाहिलं.

बनाबाईच्या चौथऱ्याची गोष्ट त्यांनी का दडवली, ते आता सांगायला हरकत नाही. मासा लागला की प्रेमचं काम संपणार होतं आणि बॅगा बंद होणार होत्या. मासा लागत नव्हता तोवर दिवस वाढत होते. म्हणून सर रोज पहाटे तक्ता काढून, भिंगातून पाहिल्यासारखा तो पाहून, जिथं मासा असण्याचं काही कारण नव्हतं अशी जागा जावयाला सुचवत होते. प्रेम मात्र डोळस होता. चौथ्या सकाळी त्याने चौथऱ्याकडे बोट केलं. "मामा, तिथं पाणी हलतंय बघा. तिथं टाकू या का?"

"ती बायकांची जागा आहे," सर खालच्या आवाजात म्हणाले. "धुणंभांडी चालतात. पुरुष तिकडं जात नाहीत."

प्रेम एकदम ओशाळला. परदेशात राहिल्यामुळे गावच्या चालीरीती त्याला जरा जास्तच पवित्र वाटायच्या. त्यानंतर चौथऱ्यावर कुणी आलं की तो पाठ करून उभा राहायचा.

असे तीनाचे पाच दिवस झाले. सरांचा आकडा हलू लागला होता. पहाटे चारला निघायचं, ऊन डोक्यावर आलं की बाभळीखाली बसायचं, दिवस मावळल्यावर घरी. घरी वैष्णवी ताट वाढून बसलेली असायची. प्रेम माशांविषयी बोलायचा आणि सर पेंगायचे. काठावर तर बोलायचंच नव्हतं. जावई आणि सासरा चौदा-चौदा तास एकमेकांशेजारी असे गप्प बसलेले असत, की येणाजाणाऱ्याला वाटावं यांच्यात वाटणीवरून बिनसलंय.

बाराव्या दिवशी संध्याकाळी रामभाऊ आले. सोबत फुलाबाई, त्यांची पत्नी. दोघेही अगदी प्रसन्न. रामभाऊंनी पाणी घेतलं, चहा घेतला, धरणाची पातळी विचारली आणि मग सरळ विषयावर आले.

"सर, परवा आमच्या गावची जत्रा आहे. जोडीतलं एक माणूस तरी देवापुढं उभं राहायला पाहिजे, घराची रीत आहे. आता प्रेमचं काम इथं अर्धवट राहिलंय, ते आम्हाला कळतं. त्याला आम्ही उठवत नाही. पोरगा तुमच्याकडं राहिला, तर सून आमच्याकडं येईल. हिशोब सरळ आहे."

सरांना हिशोबात चूक दाखवता येईना. त्यांनी प्रयत्न केला. "पण तुम्हाला मुलगा भेटणार कधी?"

"मुलगा पाहिला की हो. गेल्या वर्षी दोन महिने तिकडं जाऊन राहिलो होतो," रामभाऊ म्हणाले. "सूनबाई सकाळी कामावर जायची ती रात्री यायची. तिच्याशीच बोलायचं राहिलंय."

फुलाबाईंनी मंगलताईंचा हात धरला. "विहीणबाई, तुम्ही पण चला. जत्रा बघा, दोन दिवस राहा."

"मी कशी येऊ? यांचं जेवणखाण?"

"यांना मासे आहेत की," रामभाऊ म्हणाले.

तेराव्या दिवशी सकाळी दोघी सारोळ्याच्या गाडीत बसून गेल्या. सरांनी काठावरूनच, फोनवर, 'सांभाळून जा' म्हटलं. मंगलताई दोन दिवसांच्या बोलीवर गेल्या होत्या.

आता सरांच्या हाताशी जावई उरला. त्याला सोडून सारोळ्याला जाऊन राहावं, तर लेकीच्या सासरी बापाने मुक्काम करायचा नसतो. आणि जावई घरात एकटा टाकून सासरा फिरतोय, हे भोरमध्ये कुणी ऐकून घेतलं नसतं, बंडूने तर नक्कीच नाही. जत्रेच्या दिवशी दोघं दुपारपुरते गेले. पुरुषांची पंगत पुढच्या अंगणात होती. वैष्णवी सरांच्या पानाशी दोनदा आली, एकदा भात घेऊन आणि एकदा आमटी घेऊन. "बाबा, अजून थोडा?" सर "थोडा" म्हणाले, तर ती घाईत असल्यामुळे बराच पडला. मंगलताई माजघराच्या दारात हसत उभ्या होत्या आणि त्यांच्या येण्याचा दिवस पुढं गेला होता. संध्याकाळी प्रेम म्हणाला, "मामा, निघू या? पहाटे इथून जायचं म्हणजे उशीर होतो." त्याच्या बापाने त्याला अडवलं नाही. उलट जाताना रामभाऊंनी सरांना गाडीपर्यंत सोडलं आणि म्हणाले, "धरा, धरा. घाई करू नका."

त्या रस्त्यावर सरांना पहिल्यांदा स्पष्ट दिसलं, की आता मासा लवकरात लवकर लागला पाहिजे. मासा लागला की प्रेम सुटेल. प्रेम सुटला की दोघं भोरला परत येऊन निदान दोन दिवस तरी राहतील. पंधराव्या दिवशी पहाटे ते जावयाला म्हणाले, "आज त्या चौथऱ्यावर बघू या."

प्रेम दचकला. "मामा, ती बायकांची जागा ना?"

"एखाद्या दिवशी चालतं."

"नाही मामा. तुम्ही माझ्यासाठी रीत मोडू नका."

सरांनी सोळाव्या दिवशी कणकेच्या गोळ्या करून आणल्या. प्रेम म्हणाला, पत्र्याच्या माशानेच धरायचा, नाहीतर काय अर्थ आहे. सतराव्या दिवशी सरांनी बनाबाईला गाठलं, बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि विनंती केली, की तिने प्रेमला एकदा 'ये बाबा' म्हणावं.

बनाबाईने सावकाश ऐकलं. पाइपाचं भोक तिच्या लक्षात होतं, काठी तर होतीच. "बायकांची जागा म्हणून तुमीच सांगितलं व्हय? तरीच त्यो पोरगा माज्याकडं पाठ करून हुबा ऱ्हातुय. म्हटलं, माजा राग आलाय का काय त्याला." तिने पदर पुन्हा खोचला. "त्याला पटंल असं कराय पायजे. पुरुष हितं भांडी घासतो हे त्यानं डोळ्यांनी बगितलं, तर ईल."

"कुठला पुरुष?"

"मला काय ठावं? तुमच्याबिगर हाय कोण?"

अठराव्या दिवशी सकाळी नऊ वाजता, निवृत्त आणि मुख्याध्यापकपद थोडक्यात हुकलेले सावळाराम धुमाळ सर विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून बनाबाईच्या चौथऱ्यावर बसले. समोर रात्रीच्या जेवणाचं पातेलं, तवा, दोन परातींचा ढीग. हातात राख आणि काथ्या. बनाबाई मागं उभी राहून मार्गदर्शन करत होती. "बुडाला घासा, मास्तर. वरवर नगं." प्रेम लांबून पाहत होता. दोन परातींनंतर त्याची खात्री पटली. तो आला, आभाळ पाहून गुलाबी लावला आणि खरकट्याच्या ढगात टाकला.

दोरा ताणला गेला.

ती चिलापी होती, तळहाताएवढी. एका टोकाला कशीबशी लटकत होती. प्रेमचे डोळे भरून आले. त्याने तिच्याबरोबर फोटो काढला, तिची लांबी मोजली, तिला पाण्यात धरून श्वास घेऊ दिला आणि सोडून दिली. बनाबाई म्हणाली, "सोडली? येवड्यासाठी?" फोटो दोन्ही घरांच्या ग्रुपवर त्याच क्षणी गेला. पुढे प्रेम आणि चिलापी, आणि मागं, प्रेमच्या खांद्यावरून अगदी स्पष्ट, पातेलं घासणारे सर. पहिलं उत्तर रामभाऊंचं आलं. त्यांनी माशाबद्दल काही लिहिलं नव्हतं. 'सर, आमच्याकडंही भांडी बरीच निघाली जत्रेत.'

सरांनी हात धुतले आणि वैष्णवीला फोन लावला. "लागला गं. आता उद्या या दोघं इकडं."

"बाबा, उद्या आमचं विमान आहे," वैष्णवी म्हणाली.

सर मोजत आले होते, पण गेले काही दिवस ते दिवस मोजायचे सोडून फेकी मोजत होते.

असं ठरलं, की सारोळ्याची गाडी विमानतळाकडे निघताना हमरस्त्यावर शिवरे गावापाशी थांबेल आणि सर प्रेमला तिथं आणून पोचवतील. एकोणिसाव्या दिवशी दुपारी एका टपरीशेजारी दोन्ही घरं उभी राहिली. बॅगा आधीच गाडीवर बांधलेल्या. फुलाबाईंनी डबा दिला, मंगलताईंनी दुसरा डबा दिला. रामभाऊंनी मुलाला जवळ घेतलं, पाठीवर थाप मारली, मग घड्याळ पाहिलं. चहा आला. वैष्णवी बाबांच्या शेजारी बाकड्यावर बसली.

"काय करायचात हो एवढे दिवस तिथं?"

"बसायचो."

"आणि?"

"बसायचोच. बोलायचं नसतं."

तिने आपला कप बाकड्यावर ठेवला. "मला पण न्यायचंत ना, बाबा," ती म्हणाली. "मी पण बसले असते. मला कुठं काय काम होतं घरात? आईपण माळ जपत दिवसभर झोपायची."

सरांनी चहाचा कप तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी त्यांनी तो बराच वेळ खाली ठेवला नाही. प्रेम गाडीतून म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी पूर्ण महिना भाटघरला." गाडीच्या काचा वर गेल्या.

एकूण बेरीज अशी झाली. प्रेमला दहा दिवस पाणी आणि एक चिलापी, तीही परत केलेली. रामभाऊ-फुलाबाईंना सात दिवस सून. मंगलताईंना भोरचे पाच आणि सारोळ्याचे सात, असे बारा दिवस लेक, शिवाय जत्रा. सगळ्यांत जास्त त्यांचंच निघालं, आणि त्यांनी काहीही योजलेलं नव्हतं. बनाबाईला एका वेळची भांडी. सोनबाकडे एक अर्ज, हेतू 'जावई', आणि त्यावर 'पूर्ण' असा शेरा. वैष्णवीच्या बापाच्या नावावर जमा: पाच जेवणं, त्यातली चार पेंगत, एक वाढप भात, एक वाढप आमटी, आणि शिवऱ्याच्या बाकड्यावर चौदा मिनिटं.

टपरीवाल्याने विचारलं, पैसे कोण देतंय. रामभाऊंनी खिशात हात घातला. "राहू द्या," सर म्हणाले, "माझ्याकडेच लावा." आणि सहा चहांचे त्यांनी दिले.